यंत्राने दूध काढताना सडांवर पडणारा दाब व त्याची मोजणी

गाईच्या कासेला चार सड असतात व प्रत्येक सडाच्या टोकाशी सुमारे एक सेंटिमीटर लांबीची एक बारीक वाट असते. दूध बाहेर येण्याची वाट तीच आणि रोगजंतू आत शिरण्याची वाटही तीच. ही वाट निरोगी राहिली व धार संपल्यावर नीट मिटली, तर कासेचे रक्षण आपोआप होते. तिला इजा झाली की कासदाहास, म्हणजे खेड्यात ज्यास दगडी म्हणतात त्या रोगास, दार उघडे होते. एकदा सड बसला की त्या बाजूचे दूध पुष्कळदा कायमचे जाते आणि चांगल्या दुधाची गाय कवडीमोलाने विकावी लागते.

कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे इत्यादी जिल्ह्यांतील संकरित गाईंच्या गोठ्यांत दूध काढण्याची लहान यंत्रे आता जागोजागी दिसतात. यंत्रामुळे श्रम व वेळ वाचतो, हे खरे आहे. परंतु हाताला सडाचा स्पर्श कळतो, तसा तो यंत्राला कळत नाही. यास्तव यंत्र सडावर किती दाब देते, हा दाब कसा मोजतात व तो योग्य आहे की नाही हे गोठ्यावर कसे ओळखावे, याची माहिती प्रत्येक गोपालकास असणे अगत्याचे आहे.

हाताची धार व यंत्राची धार

मुठीने धार काढताना अंगठा व तर्जनी यांनी सडाचे मूळ आवळले जाते आणि उरलेली बोटे क्रमाने मिटत जातात. त्यामुळे सडातील दुधावर दाब येतो व दूध टोकातून बाहेर फेकले जाते. म्हणजे हात दुधाला आतून बाहेर ढकलतो. अंगठा मुडपून किंवा चिमटीने ओढून धार काढण्याची रीत सदोष मानतात, कारण तीत दाब दुधावर न पडता सडाच्या मांसल भागावर एकाच जागी पडतो.

यंत्राचे काम याच्या उलट चालते. ते दुधाला ढकलत नाही, ओढते. पंप नळ्यांतील हवा खेचून घेतो. सडाच्या टोकाखाली हवेचा दाब कमी होतो, आतील दुधाचा दाब त्याहून अधिक राहतो व दूध बाहेर येते. या कमी केलेल्या दाबासच गोठ्यात व्हॅक्यूम म्हणतात. या लेखात त्याला ‘ओढ’ म्हटले आहे.

सतत ओढ ठेवली तर काय होते, याचा अनुभव आरंभीच्या यंत्रांनी दिला. स्कॉटलंडमधील विल्यम मर्चलंड याने १८८९ मध्ये केलेल्या यंत्रात ओढ अखंड चालू राही. अशा ओढीने रक्त व अंगातील पाणी सडाच्या टोकाकडे साठते, सड सुजतो व गाय यंत्राला कंटाळते. १८९५ च्या सुमारास त्याच देशात ‘थिसल’ नावाचे यंत्र निघाले व त्यात ओढ थांबून थांबून देण्याची योजना आली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील अलेक्झांडर गिलीज याने दोन कप्प्यांचा पेला प्रचारात आणला. आजचे प्रत्येक यंत्र त्याच तत्त्वावर चालते.

या पेल्याचे बाहेरील कवच धातूचे किंवा प्लॅस्टिकचे असते व आत रबराची ताणून बसविलेली नळी असते. तिला लायनर म्हणतात. सड लायनरमध्ये जातो. लायनरच्या आत ओढ कायम असते. लायनर व कवच यांच्यामधील पोकळीत मात्र पल्सेटर हा भाग आळीपाळीने ओढ व बाहेरची हवा सोडतो. पोकळीत ओढ असते तेव्हा दोन्ही बाजूंची ओढ सारखी होऊन लायनर उघडतो व दूध येते. पोकळीत हवा शिरली की लायनर सडाच्या टोकाखाली मिटतो, सडाला आवळतो, दूध थांबते व साठलेले रक्त मागे फिरते. या आवळण्यासच सडाची मालिश म्हणतात.

ओढ आणि आवळ

यावरून सडावर दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात हे ध्यानात येईल. एक ओढ व दुसरी आवळ. यंत्रावरील घड्याळाचा काटा फक्त ओढ दाखवितो. आवळ किती बसते हे तो मुळीच सांगत नाही. काटा अगदी योग्य आकड्यावर असूनही सडांना इजा होऊ शकते, याचे कारण येथेच आहे.

ओढ किलोपास्कल या मापात मोजतात. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ७६० मिलिमीटर असतो. एक किलोपास्कल म्हणजे पाऱ्याचे साडेसात मिलिमीटर. काही घड्याळांवर पाऱ्याचे इंच दिलेले असतात. ४० किलोपास्कल म्हणजे सुमारे १२ इंच व ५० किलोपास्कल म्हणजे सुमारे १५ इंच हे स्मरणात ठेवावे. दूध भरात असताना सडाखालील ओढ सरासरी ३२ ते ४२ किलोपास्कलच्या दरम्यान असावी, असा गाईंसाठी जगभर मानला गेलेला दंडक आहे. घड्याळ पंपाजवळ असते व दूध नळीतून वाहताना ओढ काहीशी घटते. म्हणून घड्याळावरील आकडा सडाखालील ओढीपेक्षा थोडा अधिक असतो.

लायनर मिटतो तेव्हा ४० किलोपास्कलचा सगळा भार सडावर येतो, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. ताणलेले रबर स्वतःच मिटण्यास विरोध करते व भाराचा बराच वाटा आपल्या अंगावर घेते. सडाच्या टोकाभोवती लायनर जेथे वाकतो, तेथेच त्याची खरी आवळ बसते. सडाच्या वरच्या भागावर ती कमी असते. रबराची जाडी, कठीणपणा, ताण, लायनरची रुंदी व आकार आणि सडाची ठेवण या सर्वांवर ही आवळ अवलंबून असते. तेव्हा एकाच ओढीवर चालणारी दोन यंत्रे केवळ लायनर निराळे असल्यामुळे सडांना निरनिराळी वागणूक देतात.

आवळ कशी मोजतात

ही आवळ मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी अनेक उपाय योजले आहेत. एका रीतीत दाबमापक बसविलेला कृत्रिम सड पेल्यात घालतात. दुसऱ्या रीतीत कागदासारखी पातळ दाबसंवेदी पट्टी सड व लायनर यांच्यामध्ये ठेवतात. त्यामुळे कोणत्या जागी किती दाब पडतो याचे चित्र मिळते. परंतु कृत्रिम सड जिवंत मांसासारखा मऊ नसतो आणि मध्ये घातलेल्या पट्टीमुळे लायनरचे बसणे थोडे बदलते. या मर्यादा ध्यानात घेऊनच असे आकडे वाचावे लागतात.

गाईच्या सडावरच केली जाणारी एक रीत अधिक सोपी व उद्बोधक आहे. लायनर सडाला किती आवळतो याचा अभ्यास ग्रॅम मेन, विल्यम्स व थील या शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला व त्यानंतर ही मोजणी रूढ झाली. तिचे तत्त्व असे :

गाय पूर्ण पान्हावलेली व दूध भरात असताना एका पेल्याची पल्सेटरची नळी सोडवून तिच्याऐवजी एक झडप व दाबमापक जोडतात. प्रथम पोकळीत बाहेरची हवा ठेवतात. लायनर मिटलेला असल्यामुळे त्या सडाचे दूध थांबते. मग झडप हळूहळू उघडून पोकळीतील ओढ थोडी थोडी वाढवितात. लायनरची आवळ क्रमाने सैल होते व एका क्षणी दुधाची पहिली बारीक धार सुरू होते. त्या क्षणी दाबमापकावर जो आकडा असेल, तितकी आवळ सडाची वाट मिटविण्यास लागणाऱ्या दाबाहून जास्त होती, असा त्याचा अर्थ. समजा, १० किलोपास्कलवर धार सुरू झाली. तर लायनर पूर्ण मिटलेला असताना गरजेपेक्षा १० किलोपास्कल अधिक आवळत होता.

हा ‘अधिक दाब’ साधारणतः ८ ते १२ किलोपास्कल असावा, असे या विषयातील तज्ज्ञ मानतात. १० किलोपास्कल म्हणजे पाऱ्याचे ७५ मिलिमीटर. माणसाचा रक्तदाब मोजताना दंडाला बांधलेली पट्टी जितकी आवळते, त्या मापाशी याची तुलना केली म्हणजे सडाला मिनिटातून साठ वेळा काय सोसावे लागते, याची कल्पना येईल.

ही मोजणी जाणकाराने, योग्य उपकरणे घेऊन व अनेक सडांवर करावयाची असते. दूध ओसरल्यावर केलेली मोजणी फसवी ठरते. गोपालकाने स्वतः ती करू नये. परंतु तिचे तत्त्व समजले म्हणजे लायनर खरेदी करताना काय विचारावे, हे त्यास कळेल.

आवळ कमी वा अधिक झाल्यास

आवळ फार कमी असली तर मालिश होत नाही. सडाचे टोक रक्ताने व पाण्याने भरते, सड निळसर दिसतो, हाताला टणक लागतो व त्याची वाट लवकर मिटत नाही. आवळ फार झाली तर सडाच्या तोंडाशी घट्टा पडू लागतो. हातात कुदळ धरून जसा घट्टा पडतो, तसाच हा प्रकार आहे. प्रथम तोंडाभोवती गुळगुळीत पांढरे कडे दिसते. पुढे ते खरखरीत होते, त्यावर भेगा पडतात व भेगांत घाण आणि जंतू यांना आश्रय मिळतो. म्हणून ‘मऊ लायनर चांगला’ किंवा ‘कडक लायनर चांगला’ असा सरधोपट नियम करता येत नाही. मध्यम आवळ हीच हितकर होय.

पेले सडांवर किती वेळ राहतात, यालाही तितकेच महत्त्व आहे. पान्हा सुटण्यापूर्वी पेले लावले अथवा दूध संपल्यावरही ते ठेवले, तर रिकाम्या सडावर ओढ व आवळ दोन्ही चालू राहतात. निर्दोष यंत्रही अशा वेळी इजा करते.

गोठ्यावर करावयाची तपासणी

महागडी उपकरणे नसली तरी पुढील पाच गोष्टी कोणत्याही गोठ्यावर पाहता येतात.

१) ओढीचे घड्याळ : यंत्र बंद असताना काटा शून्यावर आहे की नाही ते पाहावे. शून्यावर नसल्यास त्याचा पुढचा आकडा विश्वासार्ह नसतो. यंत्र चालू करून काटा नेमून दिलेल्या आकड्यावर स्थिर राहतो का ते पाहावे. मग एका पेल्यातून क्षणभर हवा आत जाऊ द्यावी व पेला पुन्हा बंद करावा. काटा लगेच मूळ जागी आला पाहिजे. तो रेंगाळत असेल तर पंप कमजोर आहे, नळीत गळती आहे किंवा ओढ आवरणाऱ्या झडपेत घाण साचली आहे. वर्षातून एकदा घड्याळ दुसऱ्या खात्रीच्या घड्याळाशी ताडून पाहावे.

२) पल्सेटर : हातातील घड्याळ लावून एका मिनिटातील ठोके मोजावेत. गाईसाठी ते सर्वसाधारणपणे ६० असतात. यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेल्या आकड्याशी ते जुळले पाहिजेत. ६० ठोके व ६०:४० प्रमाण असेल, तर प्रत्येक सेकंदातील ६०० मिलिसेकंद दूध येण्याचे व ४०० मिलिसेकंद विश्रांतीचे असतात. या विश्रांतीत लायनर निदान १५० मिलिसेकंद पूर्ण मिटलेला राहिला पाहिजे. एवढा सूक्ष्म काळ हाताने मोजता येत नाही. त्यासाठी यंत्रदुरुस्ताकडून नोंदयंत्र लावून घ्यावे. तरीही स्वच्छ अंगठा एकेका पेल्यात घालून पाहिल्यास लायनरची उघडझाप जाणवते. चारांपैकी एका पेल्यात ती मंद वाटली, तर त्या नळीत पाणी, दूध किंवा भेग आहे असे समजावे.

३) लायनर : रबर वापराने सैल होते, दुधातील स्निग्धांश शोषून फुगते व आतून भेगाळते. रबरी लायनर २,५०० धारांनंतर किंवा सहा महिन्यांनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलावेत. दहा गाईंना चार पेल्यांचा एकच संच दोन्ही वेळा लावला जात असेल, तर दिवसाला २० धारा होतात व २,५०० धारा १२५ दिवसांत भरतात. पाच गाई असल्यास हिशेबाने २५० दिवस येतात, पण सहा महिने आधी भरत असल्यामुळे तेव्हाच लायनर बदलावेत. एखादाच लायनर न बदलता चारही एकदम बदलावेत. अन्यथा चार सडांना चार प्रकारची आवळ बसते. बदलल्याची तारीख यंत्राशेजारी भिंतीवर लिहून ठेवावी.

४) सडांची पाहणी : पेले काढल्यापासून एका मिनिटाच्या आत चारही सड पाहावेत व हाताने चाचपावेत. सड मऊ व नेहमीच्या रंगाचे असावेत. ते लाल वा निळे दिसणे, टोक चपटे किंवा पाचरीसारखे होणे, सडाच्या मुळाशी वळ उठणे, सड टणक लागणे, ही अयोग्य दाबाची चिन्हे होत. नंतर सडाचे तोंड पाहून चार वर्ग करावेत : कडे नसलेले, गुळगुळीत कडे असलेले, खरखरीत कडे असलेले व फार खरखरीत कडे असलेले. शेवटच्या दोन वर्गांतील सड पाच गाईंमागे एकीपेक्षा अधिक गाईंत आढळले, तर यंत्राची व धार काढण्याच्या रीतीची तपासणी करून घेण्याची वेळ आली आहे.

सडाचा रंग व सूज ही त्या दिवशीच्या धारेची साक्ष देतात. तोंडाशी पडलेला घट्टा मात्र मागील काही आठवड्यांचा इतिहास सांगतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे दोष आजचा आहे की जुना, हे उमगते.

५) सडाची जाडी : यंत्रामुळे सड किती सुजला हे आकड्यांत पाहण्यासाठी स्प्रिंग बसविलेला जाडीमापक वापरतात. गुरांच्या क्षयरोगाच्या चाचणीत कातडीची जाडी मोजण्यासाठी पशुवैद्य जे साधन वापरतात, त्याच जातीचे हे साधन होय. साध्या व्हर्नियरने ही मोजणी करू नये. हाताचा जोर दर वेळी बदलतो व आकडा चुकतो. स्प्रिंगचा जोर मात्र एकसारखा असतो. पेले लावण्यापूर्वी व काढल्यानंतर लगेच, सडाच्या टोकाजवळ एकाच जागी मोजणी करावी. समजा, आधीची जाडी १०.० मिलिमीटर व नंतरची १०.८ मिलिमीटर भरली. तर वाढ ०.८ मिलिमीटर, म्हणजे शेकडा ८ झाली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात जाडीतील बदल शेकडा ५ हून अधिक झाल्यास सडात जंतू शिरण्याचा धोका वाढतो, असे दिसून आले. तेव्हा शेकडा ५ ही सावधगिरीची सीमा मानावी. एकाच सडावरून निष्कर्ष न काढता गोठ्यातील अनेक गाईंची सरासरी घ्यावी.

दोष आढळल्यास

दोष दिसताच घाईने ओढ कमी-अधिक करू नये. प्रथम धार काढण्याची रीत सुधारावी. सड धुऊन, पुसून व पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून झाल्यावर, तयारी सुरू केल्यापासून एक ते दीड मिनिटात, पान्हा सुटताच पेले लावावेत. दूध ओसरताच ओढ बंद करावी व मगच पेले सोडवावेत. ओढ चालू असताना पेले हिसकून काढणे किंवा शेवटच्या घोटभर दुधासाठी पेल्यांवर वजन ठेवणे, ही अत्यंत हानिकारक सवय होय. एवढ्याने सुधारणा न झाल्यास लायनर, पल्सेटर व ओढ यांची या क्रमाने तपासणी करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी; नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही. रंग व सूज यांत फरक एक-दोन दिवसांत दिसेल. घट्टा उतरण्यास काही आठवडे लागतात.

सड खरखरीत होण्यास कोरडी थंड हवा, लांब व टोकदार सड, अधिक दूध व त्यामुळे लागणारा जास्त वेळ हीदेखील कारणे असतात. फोड, व्रण वा खपल्या दिसल्यास तो संसर्ग असू शकतो, पशुवैद्यास दाखवावे. तसेच, कासदाहाचे मूळ पुष्कळदा अस्वच्छ गोठा, ओली जमीन व न धुतलेले हात यांत असते. यंत्र दुरुस्त केले म्हणून स्वच्छता सोडून चालणार नाही. धार संपल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत व गाईपुढे वैरण टाकून तिला निदान अर्धा तास उभी ठेवावी, म्हणजे सडाची वाट मिटेपर्यंत ती खाली बसणार नाही.

वरील आकडे गाईंसाठी आहेत. म्हशीच्या सडाचे तोंड अधिक घट्ट असते व पान्हाही उशिरा सुटतो. त्यामुळे गाईचे आकडे म्हशीला जसेच्या तसे लावू नयेत. म्हशीसाठी यंत्र बनविणाऱ्याने दिलेली ओढ, ठोके व लायनर वापरावेत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

ज्या गावात दूध काढण्याची यंत्रे आहेत, तेथील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गोठ्यासाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर महिन्यातून एकदा घड्याळाचा आकडा, पल्सेटरचे ठोके, लायनर बदलल्याची तारीख, निळे वा टणक सड किती व खरखरीत तोंडाचे सड किती, एवढ्या पाच नोंदी कराव्यात. दूध संघाचे पशुवैद्य किंवा पशुसंवर्धन खात्याचे अधिकारी गावी येतील तेव्हा ते पान त्यांना दाखवावे. तीन-चार महिन्यांच्या नोंदी समोर असल्या म्हणजे दोष यंत्रात आहे, लायनरात आहे की धार काढणाऱ्या गड्याच्या हातात आहे, याचा उलगडा सहज होतो. यंत्र विकणारा काटा दाखवील. परंतु काटा बरोबर असला तरी सड दुखावला असेल, तर सडाची साक्षच खरी मानून यंत्र थांबवावे व दोष शोधावा.